वरचा दर आणि खालचा झरा

वालूर, माघ शुद्ध दशमी

चि. माणिक,

आशीर्वाद घे अन् आधी चहाची कपबशी बाजूला ठेव. तुला हैदराबादेत नोकरी लागल्यापासून प्रत्येक पत्रात तुझं एकच, 'आक्का, काही लागलं तर सांग.' आता लागलंय, म्हून सांगायले.

मला माझ्या रानात विहीर खणायचीय.

हसू नको. तुझे दाजी गेल्यापासून सामाईक विहिरीवरची माझी पाळी नावालाच ऱ्हायली. माझा दीर दत्तराव आज म्हणतो माझा ऊस वाळायलाय, उद्या म्हणतो माझी मिरची. माझे बैल मोटंला जुपायची वेळ येती तवा खाली नुसता चिखल. औंदा गहू उभ्या उभ्या करपला. मी बांधावर बसून बघत व्हते, अन् पल्याड त्याच्या उसात पाणी खळखळ वाहायलं व्हतं. लय जीव जळला बघ.

आता दत्तराव म्हणतो, "वैनी, बाईमाणसाला कशाला ही झंझट? रान मला बटईनं द्या. अर्धा माल घरबसल्या घ्या." पाडव्याला पानसुपारी घिऊन येतो म्हणलाय. तुला तर माहीत हाय, पाडव्याला चारचौघांत पानसुपारी उचलली की बटई ठरली, मग बदल न्हाई. अन् एकदा त्याचे बैल रानात शिरले की परत माझे शिरतील का? दोघी लेकी आपापल्या घरी नांदायल्यात. रान गेलं तर मी काय चुलीपुढं राख उकरीत बसू?

गावच्या सोसायटीत विहिरीला सरकारी सवलतीचं कर्ज मिळतंय. अध्यक्ष आश्रुबा पाटील म्हणतेत, शेकडा सहा पडतील, पर वरचा दर हलायची भाषा ऐकू यायली. हा वर कोण बसलाय ते पाटलाला ठावं न्हाई. म्हणलं, आपला माणिकच वर बसलाय की! तर खुलासा कर. मी जन्मात कर्ज काढलं न्हाई. भीत न्हाई, पर समजल्याबिगर सही करणार न्हाई.

आक्का

•

हैदराबाद, १९ फरवर्दी १३४४ फसली

तीर्थस्वरूप आक्का,

चहा बाजूला ठेवला होता. पत्र वाचून संपेपर्यंत गार झाला.

वर बसलेला तो मी नव्हे. मी वरच्यांच्या कागदांची नक्कल करतो. पण तुझा प्रश्न सोपा आहे. आमची बँक सोसायट्यांना ज्या दराने पैसा देते तो वरचा दर. आज तो सात आहे. सोसायटी आपल्या खर्चाचे दोन त्यावर घालते, म्हणजे नऊ. विहिरीच्या कर्जाला सरकार त्यातले तीन स्वतः सोसते. राहिले सहा. ते तुझे.

आता जे सांगतो ते मनात ठेव. येत्या एक आझुरपासून, म्हणजे नव्या फसली सालाच्या पहिल्या दिवशी, आपल्या दसऱ्याच्या तोंडावर, वरचा दर एकाने उतरणार आहे. मसुदा मीच साफ लिहून काढला. म्हणजे आज कर्ज काढलेस तर सहा, दसऱ्याला काढलेस तर पाच. मग आत्ता घाई कशाला? इतकी वर्षे विहिरीवाचून काढलीस, आणखी सात महिने काढ.

तोवर एक वर्षाची बटई दत्तरावांना देऊन टाक. एका वर्षाने काय बिघडते? तुलाही जरा विसावा मिळेल. तुझ्या भल्याचेच सांगतो.

तुझा माणिक

•

वालूर, फाल्गुन शुद्ध पंचमी

माणिक,

आशीर्वाद नंतर देते, आधी ऐकून घे.

अरे शाण्या, दसऱ्याला कोण विहीर खणतं? पावसाळ्याचं पाणी रानात जिथं तिथं उभं असतंय. हातभर खड्डा केला तर तो बी भरतो. तिथं माणसं खाली उतरून पहार मारतील का पोहतील? विहीर खणायची चैत्र-वैशाखात, पाणी खोल गेलेलं असतं तवा. जितकं खोल गेलं तितकं तिला गाठायचं. हे तुला सांगावं लागतंय? तू काय हैदराबादच्या नळाखाली जन्मलास का रे? दसऱ्याला कर्ज घेतलं तर ते पेटीत ठिवून पुढच्या चैत्राची वाट बघायची अन् रिकामं व्याज भरायचं!

तरी तुझ्या अडाणीपणाचा राग न्हाई. राग दुसराच हाय. परवा आश्रुबा पाटलाकडं मी अर्ज घिऊन गेले. कर्जाला दोन जामीन लागतेत. मेंढरंवाला मुंजाजी तयार झाला. त्याची मेंढरं दरसाल खतासाठी माझ्या रानात बसतेत, मी त्याला ज्वारी देते, तेवढ्या ओळखीवर तो बिचारा म्हणला, "बायनाबाई, माझी मेंढरं लिवा जामिनाला." दुसरा जामीन मिळंना. ज्याला विचारावं तो म्हणायला, "दसऱ्यापातूर थांबा की, दर उतरायलाय." म्हणलं, यांना कुणी सांगितलं? तर दत्तरावानं पारावर बसून तुझं पत्र वाचून दाखवलं! तू त्याला बी लिहिलंस! मला सांगतोस मनात ठेव, अन् तिकडं त्याच्या हातात कागद!

सारं गाव थांबलंय. चौघांना विहिरी खणायच्या व्हत्या, ते बी थांबले. दत्तराव मिशीवर हात फिरवत फिरायलाय. खरं सांग, तू त्याच्याशी बटईचं बोलून बसलायस का? तसं असंल तर भाऊबीजेला माझ्या दारात येऊ नको.

आक्का

•

हैदराबाद, १२ अर्दीबहिश्त १३४४ फसली

तीर्थस्वरूप आक्का,

दत्तरावांचे पत्र आले होते. त्यांनी विचारले, मी उत्तर दिले. ते तुझे दीर आहेत, परके नाहीत. त्यात कट कसला? मी बँकेत आहे, दोन गोष्टी मला तुझ्यापेक्षा अधिक कळतात. शेकड्यामागे एक रुपया वाचतो आहे तो वाचव, एवढेच म्हणालो. त्यावर तू मला दाराबाहेर काढतेस.

विहिरीच्या ऋतूचे माझ्या ध्यानात आले नाही, ते कबूल. बाकी काहीही मी बोलून बसलेलो नाही. विश्वास नसेल तर पुढे लिहिणे नको.

माणिक

•

वालूर, चैत्र शुद्ध तृतीया

माणिक,

रुसून बसलास व्हय. बस. मला रुसायला फुरसत न्हाई, माझे हात फोडांनी भरलेत. अक्षर वेडंवाकडं यायलंय ते त्यामुळं. तुझ्या कित्त्यावर गिरवून शिकलेलं अक्षर हाय, तुला लागंल.

पाडव्याचं सांगते. दत्तराव चार माणसं अन् तबकात पानसुपारी घिऊन रानातच आला. त्याला वाटलं, लोकांपुढं वैनी न्हाई म्हणणार न्हाई. मी आधीच कुदळीची पूजा मांडून ठिवली व्हती, हळदकुंकू, नारळ, सारं. तबकाला हात लावला न्हाई. म्हणले, "भावजी, बरं झालं तुमी आले. घरचा पुरुष पाहिजेच व्हता. पानसुपारी त्या कुदळीपुढं ठिवा." आता पूजेला न्हाई कसं म्हणणार? चारचौघं बघायलेत. घाम पुसला अन् वाकून ठिवली. जाऊबाई केवळाबाईनं तोंडाला पदर लावला, ती हसायली व्हती हे मी बघितलं. विहिरीचा मुहूर्त दत्तरावाच्या हातानं झाला बघ!

अन् मी खणायला सुरुवात केली. कर्ज मंजूर न्हाई, दुसरा जामीन न्हाई. माझ्याकडं खुरपायला येती ती तानुबाई, तिचा नवरा अन् मी. मुंजाजीची सून बी येती दुपारून. वरचा मुरूम हाय, कुदळीनं निघतोय. तुझा दर उतरू दे न्हाईतर चढू दे, माझा चैत्र कुणासाठी थांबत न्हाई.

पर खोटं कशाला बोलू. खाली खडक लागंल. त्याला वडार लागतेत, सुरुंग लागतेत, त्याला पैसा लागतो. तवा काय करायचं ते कळंना. खडक लागेपातूर तरी थांबणार न्हाई.

तुझ्यावर उगा बोट दाखवलं असंल तर विसर. आईबाप गेल्यावर तूच एक माहेर हायस रे.

आक्का

•

हैदराबाद, ९ खुर्दाद १३४४ फसली

आक्का,

हे पत्र पोहोचताच आश्रुबा पाटलांकडे ने आणि पारावर मोठ्याने वाचायला लाव. दत्तरावांनी माझे पहिले जिथे वाचले, तिथेच.

माझे चुकले. विहिरीच्या ऋतूत चुकले ते वेगळे. माझ्या स्वतःच्या कामातही चुकले. तुझे पत्र वाचून मला चैन पडेना. फोडांच्या हाताने लिहिलेले ते अक्षर दिवसभर डोळ्यांपुढे. मी सवलतीचा सरकारी हुकूम पुन्हा काढून वाचला. आजवर मी फक्त बेरीज-वजाबाकी पाहिली होती: नऊ वजा तीन, सहा. मला वाटले, सरकार नेहमी तीनच सोसते. तसे नाही. हुकूम म्हणतो, विहिरीच्या कर्जदाराला सहाच्या वर पडू नये आणि सहाच्या खालीही नाही. सहाच्या वर जे जाईल तेवढेच सरकार सोसेल.

ध्यानात आले का? आज वरचा दर सात, सोसायटीचे दोन, सरकार तीन सोसते, तुला सहा. दसऱ्याला वरचा दर सहा होईल, सोसायटीचे दोन, मग सरकार दोनच सोसेल. तुला तरीही सहाच. वर उतरले ते सरकारच्या खिशात जाईल, रयतेच्या नाही. मी साहेबांना विचारले. ते म्हणाले, "माणिकराव, यह तो सीधी बात है." सीधी होती, पण मला दिसली नव्हती.

तेव्हा दसऱ्यापर्यंत थांबून कुणाचा एक पैसाही वाचणार नाही. ज्यांना विहिरी खणायच्या असतील त्यांनी याच वैशाखात खणाव्यात. माणिक बँकवाला चुकला, असेच वाच. लाज वाटू देऊ नकोस, ती माझी आहे.

माणिक

•

वालूर, चैत्र वद्य एकादशी

चि. माणिक,

आशीर्वाद, अन् औंदाच्या भाऊबीजेचं आवतन.

पत्र पारावर वाचलं. आश्रुबा पाटलानं वाचलं, मी बायकांत मागं उभी व्हते. 'माणिक बँकवाला चुकला' म्हणल्यावर लोक हसले, माझ्या डोळ्याला पाणी आलं. मग मी पुढं झाले अन् विचारलं, "पाटील, म्हंजे उद्या वरचा दर चढून नऊ झाला तरी मला सहाच का?" पाटलानं पुन्यांदा वाचलं अन् म्हणला, "व्हय, वरचं सरकार भरणार." अरे माणिक, मग हेच आधी सांगायचं की! वरचा दर वर नाचू दे न्हाईतर पडू दे, माझं सहा ठरलेलं. मी उगाच त्याला भ्याले.

आता दुसऱ्या जामिनाचं ऐक, तुला खरं वाटणार न्हाई. दत्तराव उठला अन् म्हणला, "वैनीचा जामीन मी." लोक वा वा म्हणले. मला काही वा वा वाटलं न्हाई. घरी जाताना त्यानं मुंजाजीला काय सांगितलं ठावं हाय का? "त्या रानात पाणी न्हाई. विहीर कोरडी लागली की हप्ते थकतेत, हप्ते थकले की मी भरतो अन् रान माझ्याकडं घेतो." मुंजाजीनं मला तसंच्या तसं सांगितलं. तो म्हणला, "बाई, सही घेऊ नका त्याची." मी म्हणले, "घेणार. सही सहीच असती, ती कोणत्या मनानं केली ते बँक बघत न्हाई."

तर आता असं हाय: पाणी लागलं तर रान माझं. न लागलं तर रान दत्तरावाचं अन् मुंजाजीची मेंढरं गोत्यात. रातीला झोप येत न्हाई, पर पाठ बी फिरवणार न्हाई. काल खडक लागला. सही झाली, कर्ज मंजूर झालं, उद्या वडार येतेत.

आक्का

•

हैदराबाद, २ आझुर १३४५ फसली, दसरा

तीर्थस्वरूप आक्का,

सोने पाठवतो आहे, आपट्याचे पान पत्रात दुमडले आहे.

वरचा दर काल उतरला. सवलतही एकाने उतरली. तुझे सहा ते सहाच. एवढे एक माझे बरोबर निघाले.

पण तू मला चैत्रापासून एक ओळ लिहिलेली नाहीस. सेलूच्या बाजारातून आलेला एक माणूस म्हणाला, वालूरला चार नव्या विहिरी झाल्या. तुझी त्यात आहे का? खडक किती खोल निघाला? पाणी लागले का? मुंजाजी बरा आहे ना? तू गप्प राहिलीस की मला भीती वाटते, तू बोलत असलीस की एवढी वाटत नाही.

माणिक

•

वालूर, आश्विन वद्य द्वितीया

माणिक,

सोनं पोचलं. सहा परस खणलं, एकावर एक सहा माणसं उभी ऱ्हातील इतकं खोल. काळा पाषाण निघाला, वडारांच्या पहारी वाकल्या. वैशाख सरता सरता एका कडंला वल दिसली, बोटभर. झरा हाय का नुसता पाझर, कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात पाऊस आला अन् काम थांबलं.

आता विहीर तोंडापातूर भरलीय. लोक येतेत, बघतेत, म्हणतेत, "बायनाबाई, जिंकलं की!" पर आत्ता गावातला प्रत्येक खड्डा भरलाय. ते दत्तरावाला बी ठावं हाय, मला बी ठावं हाय. विहिरीचं खरंखोटं वैशाखात. तवर मला पाण्याचं विचारू नको, भाऊबीजेला आल्यावर बी विचारू नको. ओवाळून घे, करंज्या खा अन् दर किती झाला ते सांगत बस.

आक्का

•

वालूर, वैशाख वद्य अष्टमी

चि. माणिक,

अनेक आशीर्वाद. हे पत्र उभ्यानं वाच, बसून वाचायचं न्हाई.

गावच्या बारवंची शेवटची पायरी उघडी पडली. म्हातारी माणसं म्हणतेत, अशी पायरी त्यांनी लय वर्षांत बघितली न्हाई. सामाईक विहिरीचा तळ भेगाळलाय. दत्तरावाचा ऊस पिवळा पडून वाकला.

अन् माझी विहीर! दिस बुडायला मोट तळाला लागती, खरखर आवाज येतो. मग मी काठावर बसते. अंधार पडताना खालून बारीक आवाज येतो, लेकरू झोपेत चोखतं तसा. सकाळी जाऊन बघावं तर पुन्हा दीड परस पाणी. पंधरा दिस मी कुणालाच बोलले न्हाई. वाटलं, बोलले अन् आटली तर? काल मुंजाजीला खाली उतरवलं. तो वर आला, कानाला हात लावून म्हणला, "बाई, झरा हाय. खडकाच्या पोटातून यायलाय. हा काही पावसाचा न्हाई." मी तिथंच रडले. मुंजाजी बी रडला, मग म्हणला, "आता माझी मेंढरं माझीच का?" म्हणलं, "तुझीच रे बाबा, तुझीच!"

मिरची हिरवीगार हाय. सोसायटीचा पयला हप्ता तिच्यातूनच निघाला, सहाच्या हिशोबानं. आश्रुबा पाटील म्हणत व्हता, वरचा दर पुन्हा चढायची कुणकुण हाय. मी म्हणले, चढू द्या. तुला ठावं असंल तर मला कळवीत जा, आता समजतंय म्हून ऐकायला गोड वाटतंय. पर गावात कुणी कवा खणावं हे सांगू नको हं.

आता शेवटचं. आज सकाळी दत्तराव आला. खांद्यावर रिकामी मोट, मागं बैल. बांधाच्या बाहेर उभा ऱ्हायला, आत पाऊल टाकीना. केवळाबाई त्याच्या मागं, तिनंच आणला असावा. मग म्हणला, "वैनी, बैलांच्या तोंडाला फेस आलाय. पाळी..."

मला वाटलं व्हतं, असा दिस आला तर मी काय काय बोलंन. गहू करपला तवापासून मनात घोकून ठिवलं व्हतं. तोंडाशी आलं बी. पर ते बैल तुझ्या दाजींच्या गाईचे रे.

म्हणले, "पयली पाळी मुंजाजीच्या मेंढरांची. दुसरी माझ्या मिरचीची. तिसरी तुमची. अन् भावजी, तुमची पाळी चिखल लागायच्या आधी येईल."

त्यानं बैल पाजले, मोट भरली. जाताना कमरेची चंची सोडली, पानसुपारी काढली अन् विहिरीच्या काठावर ठिवली. औंदा मी काही सांगितलं नव्हतं.

तुझी आक्का